मसुराचें फलाफल आणि घरची पंक्ति

ज्या घरांत वरणभातावर तुपाची धार पडल्यावांचून पान पुरें वाढलें असें कोणास वाटत नाहीं, अशा घरांतून अलीकडे एक नवी अडचण उत्पन्न होऊं लागली आहे. शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं परगांवीं राहिलेली नात सुटींत घरीं येते आणि पहिल्याच दिवशीं पानावर बसतांना सांगते, 'मी आतां दूध, दहीं, तूप कांहींच घेत नाहीं.' आजी म्हणते, 'अगं, चमचाभर तुपानें काय होतें?' नात म्हणते, 'आजी, तूं चातुर्मासांत चमचाभर कांदा खातेस का?' येथें बोलणें खुंटतें. सूनबाई दोघींच्या मध्यें सांपडते. एका ओट्यावर दोन स्वयंपाक होऊं लागतात, आणि जिचें ताट निराळें तिला आपण आपल्याच घरीं पाहुण्या झालों असें वाटूं लागतें. चार दिवसांची सुटी अशी अवघडलेपणांत जावी हें कोणासच इष्ट नाहीं. म्हणून सर्वांच्या पानांत एकदम वाढतां येईल असा एक पदार्थ आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

ह्या आहारास इंग्रजींत 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द १९४४ सालीं इंग्लंडांत डोनल्ड वॉटसन व त्यांचे सोबती ह्यांनीं बनविला, व त्याच वर्षीं त्या मताची संस्थाहि निघाली. मांस, मासे व अंडीं ह्यांबरोबर दूध, दहीं, लोणी, तूप आणि मध ह्यांचाहि त्याग करणें हें त्याचें लक्षण. आम्ही सोयीसाठीं त्यास दुग्धवर्जित आहार म्हणूं.

शब्द नवा असला तरी गोष्ट आपल्यास सर्वस्वीं अपरिचित नाहीं. चातुर्मासांत श्रावणीं शाक, भाद्रपदीं दहीं, आश्विनीं दूध व कार्तिकीं द्विदल धान्य वर्ज्य करण्याचा एक जुना नियम आहे, आणि कांहीं वैष्णव घरांतून तो आजहि पाळला जातो. दह्यावांचून एक महिना आणि दुधावांचून एक महिना स्वयंपाक कसा निभवावा, हें त्या घरांतील वडील बायकांस चांगलें ठाऊक असतें. गांधीजींनीं १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडलें होतें. पुढें मोठ्या दुखण्यांत कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनीं शेळीचें दूध घेतलें. परंतु व्रताचा शब्द राहिला तरी त्याचा अर्थ सुटला, ही रुखरुख त्यांनीं आत्मकथेंत लिहून ठेविली आहे. तेव्हां दूध सोडणाऱ्या मुलीस 'हें खूळ कोठून आणलेंस?' असें विचारण्यापूर्वीं वडिलांनीं थोडें थांबावें. व्रताचें कारण निराळें असेल. व्रत पाळण्याची वृत्ति तिनें बहुधा आजीकडूनच घेतलेली असते.

आतां प्रस्तुत पदार्थाकडे वळूं. मिसर देशांत कॉप्ट नांवाचे जुने ख्रिस्ती लोक आहेत. त्यांच्या पंचांगांत उपवासाचे दिवस वर्षांतून दोनशेंहून अधिक येतात, आणि त्या दिवसांत मांस, दूध, लोणी व अंडीं वर्ज्य असतात. मग राहतें काय? कडधान्यें, भाजीपाला, भाकर आणि तेल. भिजविलेलें कडधान्य हिरव्या पाल्यासह वाटून तळलेला एक वडा त्यांच्या ह्या दिवसांत फार चालतो, आणि तो मूळ त्यांनींच काढला अशी तेथें एक समजूत आहे. ती खरी असो वा नसो, हा वडा आज मिसरांत मुसलमान व ख्रिस्ती दोघांच्याहि न्याहारींत असतो. तेथें त्यास तामिया म्हणतात. तो 'फूल' नांवाच्या सोललेल्या मोठ्या बियांचा करितात. ह्यांसच हिंदींत बाकला म्हणतात. त्यांत पाला इतका असतो कीं, वडा फोडला तर आंतून हिरवागार दिसतो. वरून पुष्कळदां तीळ लाविलेले असतात. पॅलेस्टाईन, लेबनॉन व सीरिया ह्या प्रदेशांत तोच वडा काबुली हरभऱ्याचा करितात, व त्यास फलाफल म्हणतात. इस्राएलांत तो रस्तोरस्तीं विकला जातो. कोंकणांतून तिकडे जाऊन राहिलेल्या बेने इस्राएल समाजाच्या मराठी घरांस तो आतां चांगला परिचयाचा आहे.

संस्कृत शिकलेल्या वाचकास हें नांव ऐकून प्रथम फल आणि अफल आठवेल. परंतु त्या शब्दाशीं ह्याचा संबंध नाहीं. अरबींत मिऱ्यास 'फिल्फिल' म्हणतात आणि 'फलाफिल' हें त्याचें अनेकवचन होय. फिल्फिल हा शब्द फारशी 'पिल्पिल' ह्यावरून आला व त्याचें मूळ आपल्या 'पिप्पली' शब्दांत आहे, असें कोशकार मानतात. म्हणजे परदेशांतून आलेल्या ह्या पाहुण्याचें आजोळ आपल्याकडेच निघालें!

मिसरी लोक बाकला वापरतात, लेबनॉनी लोक हरभरा वापरतात. मग आम्ही मसूर कां सुचवितों? एक तर बाकला आपल्या बाजारांत सहज मिळत नाहीं, आणि कांहीं माणसांच्या रक्तांत जन्मतः एका विकराची उणीव असते, त्यांस बाकल्यानें रक्तक्षयाचा गंभीर विकार होतो. काबुली हरभरा दहाबारा तास भिजावा लागतो. सुटींत आलेल्या मुलांचे बेत तितके आधीं ठरत नाहींत. मसुराची तांबडी डाळ दोनअडीच तासांत भिजते. तिला साल नसल्यानें ती पोटास हलकी जाते. भावप्रकाशांतहि मसुराचें वर्णन लघु व संग्राही असेंच आहे. शिवाय मसूर हें त्या वड्याच्याच मुलखांतलें धान्य आहे. पश्चिम आशियांत माणसानें शेती करूं लागतांना जीं पहिलीं पिकें हातीं धरलीं त्यांत मसूर होता, आणि ह्या गोष्टीस सुमारें दहा हजार वर्षें झालीं. भिंगास इंग्रजींत 'लेन्स' म्हणतात तेंहि मसुराच्या लॅटिन नांवावरून, कारण दाण्याचा आकार दोन्ही बाजूंनीं फुगीर अशा भिंगासारखा असतो.

परंतु आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं मसुरावर बहिष्कार असतो, ही गोष्ट आम्ही विसरलों नाहीं. विष्णुपुराणांत श्राद्धास वर्ज्य धान्यें सांगितलीं आहेत त्यांत मसूर आहे, आणि नैवेद्यासहि तो चालत नाहीं असें अनेक घरांत मानतात. ह्या रूढीचा आम्ही उपहास करीत नाहीं. मात्र एक गोष्ट लक्षांत आणून द्यावीशी वाटते. रुद्राच्या आवर्तनानंतर चमक म्हणतात, त्याच्या चौथ्या अनुवाकांत यजमानानें देवापाशीं जीं धान्यें मागावयाचीं तीं ओळीनें सांगितलीं आहेत. त्यांत तांदूळ, जव, उडीद, तीळ, मूग व गहूं ह्यांच्याबरोबर मसुराचेंहि नांव स्पष्ट आहे. ज्याची याचना वेदमंत्रानें केली तें धान्य एरव्हींच्या दिवशीं पानांत आलें तर बिघडत नाहीं, असें आमचें मत आहे. ज्यांस तें पटणार नाहीं त्यांच्यासाठीं पुढें सोय सांगितली आहेच.

आतां ह्या पदार्थाचें मर्म. डाळ भिजवावयाची, पण शिजवावयाची नाहीं. नवशिक्या माणसास वाटतें, शिजविलेल्या डाळीचा गोळा छान वळतो, मग तोच तळावा. असा वडा तेलांत विरघळतो, अगर तेल पिऊन लिबलिबीत होतो. ह्याचें कारण असें कीं, डाळींतील पिष्टाचे कण कच्चे असतांना घट्ट मिटलेले असतात. तळतांना उष्णता लागली म्हणजे ते वाटणांतलें पाणी शोषून फुगतात, एकमेकांस चिकटतात, आणि डाळींतलें प्रथिनहि त्याच वेळीं घट्ट होतें. त्यामुळें वडा आपल्याच बळावर धरून राहतो. शिजविलेल्या डाळीचे कण आधींच फुगून पाण्यानें भरलेले असतात. तेलांत त्यांच्यापाशीं धरण्याची शक्ति उरत नाहीं. म्हणूनच ह्या वड्यास अंडें लागत नाहीं, दूध लागत नाहीं, पाव भिजवून घालावा लागत नाहीं.

हें मर्म आमच्या वाचकभगिनींस मुळींच नवें नाहीं. चैत्रांतल्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ करितांना त्या हरभऱ्याची डाळ भिजवितात, निथळतात आणि भरड वाटतात. डाळवड्याची रीति तीच. ज्या बाईच्या हातास आंब्याची डाळ बसली आहे तिनें फलाफलाची अर्धी विद्या अगोदरच मिळविली आहे. राहिलेली अर्धी विद्या म्हणजे मसुराचा स्वभाव ओळखणें. मसुराची डाळ हरभऱ्यापेक्षां मऊ आहे, पाणी फार लवकर पिते व वाटतांना चटकन् चिकट होते. म्हणून ती जास्त वेळ भिजवूं नये, पुरती निथळावी, आणि तिच्या सोबतीस थोडी हरभऱ्याची डाळ घ्यावी. म्हणजे वड्यास दांताखालीं लागणारा भरडपणा येतो.

चार माणसांस सुमारें वीस वडे होतील असें प्रमाण पुढीलप्रमाणें:

मसुराची डाळ १५० ग्रॅम, हरभऱ्याची डाळ ५० ग्रॅम, एक मध्यम कांदा, लसणाच्या चार पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, निवडून चिरलेली कोथिंबीर दोन मुठी, पुदिन्याचीं दहाबारा पानें, भाजून भरड कुटलेले धने दीड चहाचा चमचा, जिरें एक चहाचा चमचा, मिरपूड अर्धा चमचा, मीठ एक चमचा, बेसन दोन मोठे चमचे, खाण्याचा सोडा पाव चमचा, वरून लावण्यास तीळ, आणि तळण्यास तेल.

हरभऱ्याची डाळ चार तास व मसुराची दोनअडीच तास निरनिराळी भिजवावी. नंतर दोन्ही चाळणींत ओतून अर्धा तास निथळूं द्याव्या, आणि शेवटीं स्वच्छ पंच्यावर पसरून वरचें पाणी टिपून घ्यावें. हें काम घाईचें नाहीं व अवघडहि नाहीं. आमच्या घरीं तें पेन्शनर मंडळींकडे, म्हणजे आम्हांकडे, सोंपविलेलें आहे, व इतर घरांतील निवृत्त गृहस्थांसहि तें शोभण्यासारखें आहे.

प्रथम कांदा, लसूण, मिरच्या, कोथिंबीर व पुदिना मिक्सरमध्यें बारीक करावा. कांद्यास पाणी सुटलें तर तें पिळून काढावें व आमटींत घालावें. मग हरभऱ्याची डाळ व तिच्यामागून मसुराची डाळ पाण्याचा थेंबहि न घालतां, मिक्सर क्षणभर चालवीत व थांबवीत वाटावी. वाटण रव्यासारखें रवाळ असावें. मुठींत दाबलें असतां गोळा व्हावा, पण बोटांस पिठल्यासारखें चिकटूं नये. त्यांत मसाला, मीठ व बेसन मिसळून अर्धा तास झांकून ठेवावें, म्हणजे बेसन ओल शोषून घेतें. सोडा मात्र तळण्याच्या अगदीं आधीं घालावा.

मोठ्या लिंबापेक्षां लहान असे गोळे करून किंचित् चपटे करावे व दोन्ही बाजूंस तीळ दाबावे. तेल मध्यम तापवावें. उष्णतामापक असल्यास १७० ते १८० अंश सेल्सियस. नसल्यास वाटणाचा कण टाकून पाहावा. तो खालीं जाऊन लगेच बुडबुड्यांसह वर आला तर तेल योग्य झालें. प्रथम एकच वडा तळावा. पहिलें एक मिनिट त्यास झारा लावूं नये, कारण वरचें कवच बसण्यास तेवढा वेळ लागतो. तो फुटला तर उरलेल्या वाटणाचा चौथा हिस्सा काढून अधिक बारीक वाटावा व परत मिसळावा. तरीहि सैल वाटल्यास आणखी एक चमचा बेसन घालावें. एकेक घाणा सुमारें चार मिनिटें मध्यम आंचेवर तळावा. मोठ्या आंचेवर वडा बाहेरून तांबूस होतो व आंत कच्चा राहतो, आणि कच्ची डाळ पोटास बाधते. एक वडा फोडून आंतून शिजल्याची खात्री करून घ्यावी.

तळलेलें ज्यांस चालत नाहीं त्यांनीं आप्पेपात्र वापरावें. प्रत्येक खळग्यांत अर्धा चमचा तेल घालून मंद आंचेवर, झांकण ठेवून, एकेक बाजू पांचसहा मिनिटें होऊं द्यावी.

येथें एक धोक्याची सूचना अवश्य आहे. हीच रीति राजम्यास लावूं नये. राजम्यांत कच्चेपणीं एक विषारी द्रव्य असतें व तें चांगल्या उकळीवांचून नष्ट होत नाहीं. त्यानें जोराच्या वांत्या व जुलाब होतात.

ज्या आजींस चातुर्मासांत कांदा, लसूण व मसूर चालत नाहीं त्यांच्यासाठीं दोनशें ग्रॅम हरभऱ्याचीच डाळ घ्यावी, कांदालसणाऐवजीं आलें व हिंग घालावा, आणि त्यांचा घाणा आधीं तळावा. चवींत फारसें न्यून वाटत नाहीं. कार्तिकांत द्विदल वर्ज्य करणाऱ्यांनीं मात्र महिनाभर थांबावें. हा पदार्थ नासत नाहीं, कारण तो अजून केलेलाच नसतो!

फलाफलाबरोबर आपल्याकडे हात आपोआप दह्याकडे जातो. तेथें त्या देशांतली तिळाची चटणी, 'ताहिनी', कामास येते. शंभर ग्रॅम पांढरे तीळ रंग न बदलूं देतां किंचित् भाजावे व दोन चमचे तिळाच्या तेलासह अगदीं बारीक वाटावे. त्यांत मीठ, एका लिंबाचा रस व हवी असल्यास लसणाची पाकळी घालून थंड पाणी चमच्याचमच्यानें घालीत घोटावें. प्रथम तें मिश्रण दगडासारखें घट्ट होतें, आणि करणारी घाबरते. घाबरूं नये, आणखी थोडें पाणी घालीत घोटत राहिलें म्हणजे तेंच एकदम सैल व पांढरें होतें, इतकें कीं दूरून पाहणाऱ्यास घोटलेलें दहींच वाटावें. तिकडे हा वडा पिटा नांवाच्या पोकळ रोटींत, काकडी व टोमॅटोच्या फोडींसह खातात. पिटा केवळ गव्हाचें पीठ, पाणी, मीठ व खमीर ह्यांची असते. आपण तेल लाविलेली पोळी किंवा ज्वारीची भाकरी घ्यावी. बाजारचा पाव आणल्यास त्यांत दूध किंवा लोणी नाहीं ना, हें विचारून घ्यावें.

आतां आजीच्या मनांतली खरी भीति. 'पोरीनें दूध सोडलें. तिच्या हाडांचें काय व्हावयाचें?' हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं, आणि नातीनेंहि तो कटकट समजूं नये. मसुराच्या डाळींत शेंकडा सुमारें चोवीस भाग प्रथिन असतें, आणि तिच्यांत जें उणें तें गहूं, ज्वारी व तीळ भरून काढतात. म्हणून वडा, भाकरी व तिळाची चटणी हें जेवण प्रथिनाच्या दृष्टीनें पुरेसें आहे. तिळांत व नाचणींत चुना आहे. लिंबाच्या रसानें डाळींतलें लोह अंगीं लागण्यास मदत होते. परंतु बी-बारा नांवाचें जीवनसत्त्व डाळींतून, तिळांतून किंवा कोणत्याहि भाजींतून मिळत नाहीं. त्याच्या अभावीं पंडुरोग होतो, हातापायांस मुंग्या येतात, आणि मज्जातंतूंस कायमची इजाहि होऊं शकते. दूध पिणाऱ्या शाकाहारी घरांतसुद्धां ह्या सत्त्वाचें न्यून पुष्कळ आढळतें; मग दूधहि सोडलेल्यानें वैद्याच्या सल्ल्यानें त्याची गोळी नियमानें घेतलीच पाहिजे. व्रत घेणाऱ्यानें त्याचा भार स्वतः उचलावा, हा आपल्या शास्त्राचा दंडक येथेंहि लागू आहे. नात ही गोळी न चुकतां घेते असें दिसलें म्हणजे आजीची अर्धी काळजी मिटते, आणि चमचाभर तुपाचा आग्रहहि हळूहळू थांबतो.

आजीनें कांदा सोडला आणि नातीनें तूप सोडलें. दोघींच्या नियमांत जें बसतें त्याची यादी केली तर ती दिसते त्यापेक्षां मोठी निघते: आंब्याची डाळ, डाळवडा, थालीपीठ, उसळ, तिळाची चटणी, आणि आतां हें फलाफल, ज्यांत कांदा पडतो त्यांत आजीपुरता तो टाळला म्हणजे झालें. ही यादी दोघींनीं मिळून करावी, सूनबाईच्या हातीं द्यावी, आणि येत्या सुटींत पहिला घाणा उतरला कीं सगळ्यांचीं पानें एकाच ओळींत मांडावीं.